झाकलेलं बोलताना

भोरकडच्या हिर्डस मावळातल्या एखाद्या वाडीत मनाचा आजार जडलेला माणूस असला, की त्याच्या घरावर दोन कामं येऊन पडतात. त्याला सांभाळायचं आणि तो आजारी आहे हे झाकायचं. कुणी विचारलं तर ‘जरा बरं नसतं त्याला’. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं, भावकीत तोंड दाखवायचं असतं. झाकण्याची अशी सवय होऊन जाते. मग कधीतरी कोणी सांगतं, ‘अहो, याला अनुदान मिळतं, फॉर्म भरा.’ फॉर्म भरायचा म्हणजे इतकी वर्षं दडवलेलं परक्यापुढे बोलायचं. घरचे अडखळतात ते इथे. कागद काय, आज ना उद्या जमतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. मानसिक आजार कायद्याने १९९५ पासूनच अपंगत्वात धरला आहे, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तो आहे. म्हणजे हे कुणी केलेले उपकार नव्हेत. वय १८ ते ६५, किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत. दिव्यांगांना महिन्याला १५०० मिळत, ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले. अर्ज तहसील कचेरीत. भोरकरांनी भोरला, वेल्हेकरांनी वेल्ह्याला द्यायचा, वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं तरी.

सगळं अडतं ते प्रमाणपत्रापाशी. त्यासाठीच्या तपासणीला मनोविकारतज्ज्ञ लागतात, म्हणून बहुतेकदा पुणं गाठावं लागतं, औंधचं जिल्हा रुग्णालय नाहीतर ससून. पहाटेची एसटी, मग रांग. नंबर येईतो आपला माणूस अगदी शहाण्यासारखा बसलेला असतो. डॉक्टर विचारतात, ‘झोप लागते?’ ‘लागते.’ ‘काम करता?’ ‘करतो की, भातलावणीला जातो.’ शेजारी आई बसलेली असते. हा लावणीला जातो म्हणजे बांधावर उभा राहतो, दुपारपर्यंत स्वतःशीच बोलतो, हे तिला ठाऊक असतं. पण पोराचं उणं त्याच्या तोंडावर बोलायला तिची जीभ रेटत नाही. ती गप्प राहते आणि कागदावर त्याचा आजार निम्म्यावर येतो.

आईच्या त्या गप्प राहण्याला मी दोष देणार नाही. त्यात मायाच आहे. पण तिची सोय आधी करता येते. डॉक्टर पाहतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, शिवाय आजार किती वर्षांचा. तेव्हा जुना केसपेपर, गोळ्यांची चिठ्ठी, काही फेकायचं नाही. आणि घरी निवांत बसून एका वहीच्या पानावर लिहून काढावं: अंघोळ सांगितल्याशिवाय करतो का, घर सोडून कधी गेला होता, गोळ्या कोण देतं, जेवणाचं भान असतं का. चांगले दिवस आहेत तसे लिहावेत, वाईटही तसेच. वाढवून एक अक्षर नको, लपवून तर नकोच. ते पान डॉक्टरांच्या हाती द्यावं, आणि जमलं तर दोन मिनिटं एकट्याने भेटू द्या म्हणावं.

त्यालाही आधी सांगायला हवं, हे मात्र फार घरांतून राहून जातं. ‘दादा, तुझ्या नावाने पैसे येतील, त्यासाठी डॉक्टर चार प्रश्न विचारतील’ एवढं सरळ बोललं की पुष्कळदा कळतं. तो समोर असताना ‘याला काही समजत नाही’ असं कुणालाही, कचेरीतल्या शिपायालाही, सांगू नये.

न झाकणारेही असतात. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. त्यातूनच पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली आणि २००४चा ‘देवराई’ चित्रपट आला, आजारी भावाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा. अशा संस्थेच्या आधारगटात जाऊन बसलेला माणूस पहिल्यांदा ऐकतो, की दुसऱ्या घरातही हेच चालतं. त्यानंतर तहसीलच्या टेबलासमोर त्याचा आवाज खाली जात नाही. बोलावंसं वाटलं आणि पुणं लांब पडलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

मंजुरी आल्यावर काम संपत नाही. खातं त्याच्या नावाचं, आधारशी जोडलेलं हवं; दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो; प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर पुन्हा पुण्याची वारी. हे सगळं बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात असतं, आणि आई सत्तरीला आलेली असते. फाईल कुठल्या ट्रंकेत आहे, पासबुक कुठे आहे, गोळ्या कुठून आणायच्या आणि त्या नको म्हणाला तर त्याच्याशी कसं बोलायचं, हे तिने पुतण्याला किंवा भाचीला हाताशी बसवून सांगायला घ्यावं, आणि तेही तो त्यांच्यात बसलेला असताना.