हीथक्लिफची कीव

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात हॉवर्थ नावाचे गाव आहे. तेथील अँग्लिकन धर्मगुरूंची कन्या एमिली ब्राँटे १९ डिसेंबर १८४८ रोजी वयाच्या तिसाव्या वर्षी निवर्तली. तिच्या लिहिण्याच्या पेटीत पाच परीक्षणांची कात्रणे जपून ठेवलेली सापडली. तिची एकुलती एक कादंबरी ‘वदरिंग हाइट्स’ ही वर्षभरापूर्वी, डिसेंबर १८४७ मध्ये, एलिस बेल या टोपणनावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली होती. त्या काळच्या परीक्षणकर्त्यांपैकी अनेकांनी तिचे सामर्थ्य मान्य केले होते आणि लगेच पुढच्या वाक्यात तिच्यातील क्रौर्याबद्दल नाकही मुरडले होते. अमेरिकेतील एका मासिकाच्या समीक्षकाला तर असले पुस्तक लिहिणारा माणूस ते पुरे होईपर्यंत जिवंत कसा राहिला याचेच आश्चर्य वाटले!

आज पावणेदोनशे वर्षांनंतरही वाचकांचे एकमत झालेले नाही. काहींच्या मते ही जगातील थोर प्रेमकथांपैकी एक होय. काहींच्या मते ही सूडाची, विकृत मनाची आणि उद्ध्वस्त घराण्यांची कथा असून तिला प्रेमकथा म्हणणे हाच प्रेमाचा अपमान होय. जुने वाडे, भुताखेतांचा भास, वादळी रात्री, कबरी उकरणारा नायक असा गॉथिक कादंबऱ्यांचा सारा सरंजाम तिच्यात आहे. तरीही वाचकांचे भांडण भुतांवरून होत नाही. ते होते नायक हीथक्लिफ याच्यावरून. त्याची कीव करावी की करू नये?

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. माळरानावरील ‘वदरिंग हाइट्स’ या वाड्याचे मालक अर्नशॉ लिव्हरपूलहून परतताना तेथील रस्त्यावर सापडलेले एक उपाशी, बेवारस पोर घरी आणतात. आपल्या मृत मुलाचे नाव ते त्याला देतात : हीथक्लिफ. तेच त्याचे नाव आणि तेच आडनाव. अर्नशॉंची मुलगी कॅथरिन त्याच्यावर जीव टाकते. मुलगा हिंडली त्याचा दुःस्वास करतो. वडील गेल्यावर हिंडली त्याला गड्यामाणसांत ढकलतो, त्याचे शिक्षण बंद पाडतो. कॅथरिन शेजारच्या श्रीमंत एडगर लिंटनशी विवाह करण्याचे ठरविते, तिचे बोलणे अर्धवट कानांवर पडताच हीथक्लिफ घर सोडून जातो. तीन वर्षांनी तो पैसा घेऊन परततो तो सूड उगविण्यासाठीच. हिंडलीला जुगाराच्या नादात कर्जात बुडवून तो त्याचा वाडा घशात घालतो. एडगरच्या बहिणीला, इझाबेलाला, पळवून नेऊन तिच्याशी लग्न करतो आणि तिचा छळ मांडतो. कॅथरिन एका मुलीला जन्म देऊन मरण पावते, तेव्हा चौतीस प्रकरणांची ही कादंबरी जेमतेम निम्मी झालेली असते. उरलेल्या निम्म्या भागात सूडाचा वरवंटा दुसऱ्या पिढीवर फिरतो.

हा ‘उरलेला निम्मा भाग’ फार महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच पुष्कळांना ठाऊक नसतो. विल्यम वायलर यांनी १९३९ साली या कादंबरीवर गाजलेला चित्रपट काढला, तो कॅथरिनच्या मृत्यूपाशीच जवळजवळ थांबतो. (त्यात कॅथरिनची भूमिका करणारी मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मलेली होती, आणि ही गोष्ट तिने जन्मभर दडवून ठेवली. तो एका निराळ्या कादंबरीचा विषय होईल.) आपल्याकडे १९६६ साली आलेल्या ‘दिल दिया दर्द लिया’चा आधारही हीच कथा. दिलीपकुमारचा व्याकूळ चेहरा डोळ्यांसमोर ठेवून ज्यांनी हीथक्लिफ ओळखला, त्यांना त्याचा कळवळा न आला तरच नवल.

पण असा कळवळा येणे नैतिकदृष्ट्या कितपत योग्य, हा प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. संत ऑगस्टीन यांच्यासारख्या महापुरुषालाही तो टाळता आलेला नाही. आपल्या ‘कबुलीजबाबा’त ते सांगतात, की शाळकरी वयात आपण कार्थेजच्या डिडो राणीच्या मरणावर अश्रू ढाळले, परंतु आपला स्वतःचा आत्मा परमेश्वरापासून दूर जाऊन मरत होता, त्यासाठी डोळ्यांत टिपूसही आला नाही. पुढे नाट्यगृहाविषयी लिहिताना ते अधिक नेमक्या जागी बोट ठेवतात. रंगमंचावरील दुःखितासाठी प्रेक्षक हळहळतो, पण त्याच्या मदतीला धावण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. उलट जितके रडू येईल तितका तो नटाला अधिक वाखाणतो. ही कसली दया, असा त्यांचा सवाल आहे. दुःखाची चव घेणे वेगळे आणि दुःखिताचा भार उचलणे वेगळे.

संत ऑगस्टीन यांचा हा आक्षेप मला खरा वाटतो, पण पुरा वाटत नाही. लिव्हरपूलच्या रस्त्यावरील त्या पोराची कीव ज्याला येणार नाही, त्याला उद्या आपल्या दाराशी आलेल्या पोराचीही येणार नाही. कल्पितातील दया ही तालीम असू शकते. मात्र तालीम कशाची चालली आहे, हे पाहावे लागते.

आमच्या धर्मग्रामातील वाचकमंडळात या पुस्तकावर चर्चा निघाली होती. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी भारावून म्हणाली, “कुणीतरी आपल्यावर असं प्रेम करावं, मरणानंतरही न सुटणारं!” तिच्या शेजारी बसलेल्या, आयुष्याचे बरेच पावसाळे पाहिलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारले, “आणि त्या इझाबेलाचं काय गं, बाय? तिला कुणी विचारलं?” क्षणभर कोणी बोलले नाही. इझाबेला कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती.

त्या बाईंचा प्रश्न कादंबरीच्या मर्माशी भिडणारा आहे. इझाबेलाला पळवून नेताना हीथक्लिफने तिचे लाडके कुत्रे गळ्याला फास लावून टांगले होते. पुढे तो नेली डीन या दाईसमोर या प्रसंगाची फुशारकी मारतो आणि बायकोची टर उडवितो. आपल्यात तिने कथा-कादंबरीतला नायक पाहिला, आपले खरे रूप दाखवूनही तिचे डोळे उघडेनात, असे तो तिच्या तोंडावर म्हणतो. लेखिकेने खुद्द हीथक्लिफच्या तोंडून वाचकाला दिलेला हा इशाराच नव्हे काय? ज्या वाचकाला तो प्रेमकथेचा नायक वाटतो, तो इझाबेलाच्याच वाटेने चाललेला असतो. फरक एवढाच, की इझाबेलाने त्याची किंमत मोजली; वाचकाला काहीच मोजावे लागत नाही.

मग वाचक फसतो तरी का? याचे एक कारण रचनेत आहे. लेखिका स्वतः कुठेच बोलत नाही. भाडेकरू म्हणून आलेला लॉकवुड आपल्याला गोष्ट सांगतो, त्याला ती नेली डीन सांगते, आणि दोघांच्याही समजुतीला मर्यादा आहेत. न्यायासन रिकामे आहे. त्यावर कोणी बसायचे, हे वाचकाने ठरवायचे. याचीच धास्ती एमिलीची थोरली बहीण शार्लट हिला वाटली असावी. १८५० साली तिने कादंबरीची नवी आवृत्ती संपादित केली, तेव्हा प्रस्तावनेत तिने हीथक्लिफसारखी माणसे निर्माण करणे उचित आहे काय, असा प्रश्न घातला आणि आपले उत्तर नकाराकडे झुकते असे सुचविले. सख्ख्या बहिणीने दिवंगत बहिणीच्या कृतीविषयी असे लिहावे, हे वाचताना आजही मन चरकते. आपल्या चर्चमध्येही अशा धास्तीतून निषिद्ध ग्रंथांची सूची शतकानुशतके चालत आली. बाल्झाक आणि स्टेन्दाल यांच्या प्रेमकथा तिच्यात सरसकट नोंदविलेल्या होत्या. १९६६ साली त्या सूचीचे कायद्याचे बंधन संपले आणि निवडीचा भार वाचकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर आला. भार हलका झाला असे मात्र कोणी समजू नये.

या कादंबरीच्या तिसऱ्याच प्रकरणात एक स्वप्न आहे. घाईने वाचणारे ते ओलांडून पुढे जातात, कारण त्याच्या पाठोपाठ खिडकीवरचे भूत येते. लॉकवुडला स्वप्न पडते, की तो एका चॅपेलमध्ये जेबेझ ब्रँडरहॅम नावाच्या उपदेशकाचे प्रवचन ऐकत बसला आहे. विषय आहे संत मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाचा. भावाला किती वेळा क्षमा करावी, असे संत पेत्राने विचारले आणि प्रभूने सातांच्या सत्तर पटींचा आकडा सांगितला, तो प्रसंग. हा उपदेशक त्या आकड्याचे शब्दशः चारशे नव्वद भाग पाडतो आणि प्रत्येक भागात एकेका पापावर बोलतो. लॉकवुड जांभया देत, चुळबुळत सारे सहन करतो. पण चारशे एक्क्याण्णवावा भाग सुरू होताच उठून उभा राहतो. हे पाप आता क्षमेच्या हिशेबाबाहेरचे आहे, याला मारा, असे तो ओरडतो. उपदेशक उलट त्याच्याकडेच बोट दाखवितो, आणि सारे भाविक काठ्या घेऊन एकमेकांवर तुटून पडतात.

विनोदी वाटणारे हे स्वप्न मला या ग्रंथाची किल्ली वाटते. प्रभूने तो आकडा मोजण्यासाठी सांगितला नव्हता. मोजणे सोडून द्यावे म्हणून सांगितला होता. ज्याने क्षमा मोजायला घेतली, त्याने मनातल्या मनात शेवटच्या आकड्यानंतर उगारायची काठी आधीच तयार ठेवलेली असते. ‘वदरिंग हाइट्स’मधील बहुतेक सगळी माणसे अशी मोजणारी आहेत. वाड्यातला म्हातारा नोकर जोसेफ धर्मग्रंथ वाचतो तो त्यातली वचने स्वतःसाठी आणि शाप शेजाऱ्यांसाठी निवडण्याकरिता. लहानपणी हीथक्लिफ हिंडलीचा सूड घेण्याची भाषा करतो, तेव्हा नेली त्याला समजावते, की दुष्टांना शिक्षा करणे देवाचे काम, आपण क्षमा करायला शिकावे. त्यावर त्या पोराचे उत्तर असे, की त्यात मला मिळेल तेवढे समाधान देवाला मिळणार नाही. पोटात दुखावलेले मूल आहे म्हणून आपण हळहळतो. हळहळावेच. पण नेलीचे शब्द त्याच्या कानांवर पडले होते, ही गोष्टही विसरू नये.

हीथक्लिफच्या बाजूने बोलणारे म्हणतात : ज्याला माणसासारखे वागविले नाही, तो माणसासारखा कसा वागेल? हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु एमिली ब्राँटेने त्याच वाड्यात दुसरे एक मूल वाढविले आहे. हिंडलीचा मुलगा हेअरटन तान्हा असताना दारूच्या नशेत बापाने त्याला जिन्याच्या कठड्यावरून सोडले. खाली नेमका हीथक्लिफ आला होता, त्याने अभावितपणे हात पुढे करून पोराला झेलले; आणि कोण वाचले हे कळताच, आपल्या सूडाची संधी आपल्याच हाताने घालविली म्हणून त्याचा चेहरा कष्टी झाला. विचार सुचण्याच्या आत हातांना जे सुचले, ते चांगले होते. नंतर त्याने ठरवून या पोराला निरक्षर, रांगडा, शिवराळ ठेवला. हिंडलीने आपल्याशी केले तेच त्याने हिंडलीच्या लेकाशी केले. त्याचा वाडा बळकावून त्याला त्याच वाड्यात गडी म्हणून राबविले.

तरी हेअरटन हीथक्लिफ झाला नाही. का, याचे उत्तर कादंबरी देत नाही. त्याची पहिली पाच वर्षे नेलीच्या मायेत गेली, हे एक कारण असेल. छळणाऱ्या हातांतही त्याच्याविषयी थोडी ओढ होती, हे दुसरे. कॅथरिनची मुलगी, धाकटी कॅथी, त्याला वाचायला शिकवू लागते. एकदा ती हीथक्लिफची निंदा करते, तेव्हा हेअरटन तिला गप्प करतो : तुझ्या वडिलांविषयी मी वाईट बोललो तर तुला कसे वाटेल? याच हीथक्लिफने कॅथीला कोंडून, मारून आपल्या मरणासन्न मुलाशी तिचे लग्न लावले होते, तिची मालमत्ता हडपली होती. तिच्या रागाला सर्वतोपरी आधार होता. तरीही हेअरटनच्या मनातला धागा तिला उमगतो, आणि त्याच्यासमोर ती पुन्हा तसे बोलत नाही.

अखेरीस हीथक्लिफचा सूड ओसरतो. त्याला पुष्कळ वाचक पश्चात्ताप समजतात. तो पश्चात्ताप नाही. आपण कोणताही अन्याय केला नाही, असे तो मरणाच्या उंबरठ्यावरही बजावतो. त्या दोघांचे डोळे कॅथरिनसारखे आहेत, आणि हात उचलण्याची उमेदच आता उरलेली नाही, एवढेच. थकणे आणि क्षमा करणे यांत जे अंतर आहे, ते लेखिकेने बुजविलेले नाही. तिच्या या निष्ठुर प्रामाणिकपणाबद्दल मला तिचा आदर वाटतो.

शार्लटच्या प्रस्तावनेत एक निरीक्षण मात्र विलक्षण सूक्ष्म आहे. हीथक्लिफला माणुसकीशी जोडणारा दुवा ती त्याच्या कॅथरिनवरील प्रेमात शोधत नाही. ती तो शोधते हेअरटनविषयी त्याला वाटणाऱ्या ओबडधोबड आपुलकीत, आणि नेलीविषयीच्या अव्यक्त आदरात. प्रेमकथा म्हणून हे पुस्तक छातीशी धरणाऱ्यांनी आणि विषारी म्हणून दूर लोटणाऱ्यांनी, दोघांनीही ते पान एकदा पाहावे.

कारण हीथक्लिफ मेला, तेव्हा कादंबरीत त्याच्यासाठी मनापासून रडणारा एकच माणूस होता. ज्याचे सर्वस्व त्याने लुबाडले, तो हेअरटन रात्रभर प्रेताशेजारी बसून राहिला. इतर जण पाहायलाही कचरत होते त्या चेहऱ्याचे त्याने चुंबन घेतले. दफनाच्या वेळी डोळ्यांतून धारा लागलेल्या असतानाच त्याने हिरवळीचे तुकडे कापून आणले आणि स्वतःच्या हाताने त्या ताज्या मातीवर बसविले. आपल्यावर अन्याय झालाच नाही, असे तो कुठेही म्हणालेला नाही.