सोडून दिलेला मासा

उन्हाळ्यात काश्मीर-हिमाचलच्या थंड पाण्यावर हौशी लोक ट्राउट धरायला जातात. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, मासा लागला की फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आमच्या असीरगडाकडे तापीच्या कोमट पाण्यात ट्राउट जगायचा नाही. इकडचा मानाचा मासा महाशीर; 2011 साली तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा ठरला. महाशीरलाही देशात ठिकठिकाणी असंच खेळवून सोडतात. "मारला तर नाही ना?" असं विचारतात. प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

कथेतल्या मृगसेन धीवरानंही मासा सोडला होता. जाळ्यात पहिला येईल तो मारायचा नाही, असं व्रत त्यानं मुनींकडून घेतलं. खूण बांधून सोडलेला तोच मासा पाच वेळा आला. पाचही वेळा त्यानं सोडला आणि रिकाम्या हातानं घरी गेला. पोट मासेमारीवर, तरी सोडला! हौशी माणूस मात्र सोडण्यासाठीच पकडतो. गरज नसताना पंचेंद्रिय जीवाला दिलेली ही पीडा म्हणजे अनर्थदंडच.

पण एवढं बोलून आपण सुटलो का? गळवाल्याला निदान नदीत मासा जगायला हवा असतो. आपण मासा खात नाही, आणि आपल्या मोरीचं साबणपाणी कुठं जातं ते बघतही नाही. घरात पाणी गाळून जिवाणी जपून पाण्यात सोडणाऱ्या बायका आपण. ती जपणूक नदीपर्यंत पोचली, तरच दुसऱ्याच्या गळाबद्दल बोलावं.