पाटीतले पाप

मासा या प्राण्याशी माझे संबंध लहानपणापासून अत्यंत जिव्हाळ्याचे आहेत. मात्र ते ताटापलीकडे कधी गेले नव्हते. ताटात आलेल्या माशाचा काटा कुठे असतो ते मी डोळे मिटून सांगेन. पण जिवंत मासा माझ्याकडे टक लावून पाहू लागला तर त्याच्याशी काय बोलावे, हे मला कोणी शिकवलेले नाही. म्हणून लेस्टरच्या मुक्कामात माझ्या बालमित्राने "उद्या ट्राउट धरायला जायचंय," असे जाहीर केले, तेव्हा मी आपले "तळून की कालवण?" एवढेच विचारले.

हा मित्र म्हणजे डॉक्टर. गिरगावात आम्ही एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. पुढे तो विलायतेत भूलतज्ज्ञ झाला. चाळीस वर्षे साहेबलोकांना झोपवले आणि आता निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र पहाटे चारला उठतो. मासेमारीतला त्याचा जोडीदार म्हणजे शेठ. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा शेठ तरुणपणी एक बॅग घेऊन लेस्टरला आले. गुजराती, जैन, कांदासुद्धा खात नाहीत.

"मग मासे धरता कशाला?" मी विचारले.

"सोडायला!" शेठ म्हणाले.

हे उत्तर मला इतके आवडले की मी मुकाट्याने मोटारीत जाऊन बसलो. सप्टेंबर संपत आला होता. निघण्यापूर्वी मुंबईला फोन केला, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "पितृपंधरवडा चालू आहे. कावळ्याला घास घालायचा सोडून माशाला गळ घालायला निघालात?" नैतिक प्रश्न थोडक्यात मांडावा तो आमच्या सौ.नीच.

आम्ही गेलो ते रटलंड वॉटरला. क्षेत्रफळाने इंग्लंडमधला हा सर्वांत मोठा पिण्याच्या पाण्याचा तलाव. १९७० च्या दशकात ग्वाश नदीचे खोरे अडवून तो केला आणि १९७७ पासून तिथे मासेमारी सुरू झाली. नेदर हॅम्बल्टन नावाची वस्ती पाण्याखाली गेली. नॉर्मंटनचे चर्च तेवढे वाचले. आत भराव घालून त्याला काठावर तसेच उभे ठेवले आहे. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावाचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की दर्शन देते. इथला देव बारमाही गुडघाभर पाण्यात उभा! उन्हाळाभर तिथे ऑस्प्रे नावाचे मासेखाऊ शिकारी पक्षी असतात, पण ते एव्हाना पश्चिम आफ्रिकेच्या वाटेला लागले होते. म्हणजे तलावावरच्या माशांच्या शत्रूंत आता आम्हीच काय ते उरलो होतो आणि आमच्या तिघांपैकी एक शाकाहारी, एक अडाणी.

गळाला गांडूळ लावायचे असते अशी माझी समजूत. ती डॉक्टरने हसून मोडीत काढली. इथे पिसे आणि केस बांधून कीटकाचे सोंग करायचे. शरद ऋतूत गवतातून लांब तंगड्यांचा एक किडा निघतो आणि वाऱ्याने पाण्यावर येऊन पडतो. इंग्रज त्याला 'डॅडी लाँगलेग्ज' म्हणतात. फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसाच्या धाग्यांना गाठी मारून त्याचे गुडघे करतात. एका माशाला फसवण्यासाठी एवढी कलाकुसर! आम्हां माणसांना तर नुसत्या जाहिरातीवर गळाला लावतात.

होडी वाऱ्याबरोबर फार वेगाने वाहू नये म्हणून पाण्यात एक छत्री सोडली आणि मी दोरी फेकू लागलो. पहिल्या फेकीत डॉक्टरची टोपी धरली. शेठ गंभीरपणे म्हणाले, "ती सोडून द्या. लहान आहे."

तासाभरात शेठना मासा लागला. त्यांनी उलटी नांगी नसलेला गळ वापरला होता. जाळे पाण्यातच ठेवून त्यांनी गळ अलगद काढला आणि मासा गेला. शेठच्या चेहऱ्यावर पर्युषणाचा उपवास सोडल्याचे समाधान होते.

मग डॉक्टरला लागला. डॉक्टरने खिशातून वीतभर लांबीचा पितळी दंडुका काढला, माशाच्या डोक्यावर दोन टोले हाणले आणि मासा निपचित पडला.

"हे काय आहे?"

"ह्याला 'प्रीस्ट' म्हणतात. पाद्री. शेवटचे संस्कार करतो ना!"

इंग्रज माणूस विनोदसुद्धा हत्यारात भरून ठेवतो.

आणि वाद पेटला.

"तू खुनी आहेस," शेठ म्हणाले.

"आणि तू? तू त्याच्या ओठात काटा घालतोस, दमवतोस आणि वर जीवदान दिल्याचं पुण्य घेतोस. मी निदान जेवतो. तू नुसता खेळतोस."

"माझा मासा घरी गेला, तुझा तव्यावर चाललाय. माशाला विचार, कोण बरा."

डॉक्टरमधला भूलतज्ज्ञ जागा झाला. २००३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी याच ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष आणि आम्ल टोचून पाहिले, असे त्याने सांगितले. मासे खाणे विसरले. आम्ल टोचलेले तर ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. मॉर्फिन दिल्यावर ते घासणे कमी झाले. काही शास्त्रज्ञ अजून म्हणतात, ही आपल्यासारखी वेदना नव्हे. "पण मॉर्फिनने जे कमी होतं," डॉक्टर म्हणाला, "त्याला मी चाळीस वर्षं दुखणंच म्हणत आलोय."

शेठ थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "तरीसुद्धा, मोकळं झाल्यावर तो पाण्यात जातो ना, तो क्षण मला पाहावासा वाटतो."

बॅग घेऊन देश सोडलेल्या माणसाने हे म्हटल्यावर त्याच्याशी वाद घालणे कठीण होते. पण डॉक्टर पक्का गिरगावकर. "अरे, कसलं मोकळं? हे इंद्रधनुषी ट्राउट मूळचे अमेरिकेचे. फार्मवर वाढवून इथे आणून सोडतात. पाणी अडवलेलं, मासा आणलेला. तू त्याला मोकळं करत नाहीस, परत नोकरीवर घेतोस."

मी म्हणालो, "मी बुवा मधला. मी मासे खातो, पण मारणं काही मला जमणार नाही."

दोघेही वाद विसरून माझ्याकडे पाहू लागले. कट्टर खाणारा आणि कट्टर न खाणारा यांचे जगात एकाच गोष्टीवर एकमत आहे: मधला माणूस ढोंगी आहे.

आणि नेमका तेव्हाच माझ्या काठीला हिसका बसला.

पुढची पाच मिनिटे मला नीट आठवत नाहीत. आठवते ते एवढेच, की मासा माझ्या जाळ्यात, जाळे होडीत आणि पाद्री माझ्या हातात होता. किलोभराचा मासा, अंगावर गुलाबी पट्टा. माशाला पापण्या नसतात. तो डोळे मिटत नाही, त्यामुळे ते काम आपल्यालाच करावे लागते. मी मिटले. मग उघडले. मारावा की सोडावा? सोडला तर मी शेठ, मारला तर मी डॉक्टर. भूतदया, आहारधर्म, पितृपंधरवडा, सौ., सगळे एकामागून एक येऊन बोलून गेले. मनाशी उच्च पातळीवरचा विचार चालला होता आणि पायाशी मासा तोंड उघडत होता, मिटत होता.

"अहो, जे करायचं ते लवकर करा!" शेठ ओरडले. कांदा न खाणारे शेठ! "तो मरतोय आणि तुम्ही विचार कसले करताय!"

मी टोला हाणला. पहिला चुकला. दुसरा चुकला नाही.

होडीत कोणी बोलेना. थोड्या वेळाने शेठनीच बाटलीतून माझ्या हातावर पाणी घातले. मी विवेक म्हणून जे काही करत होतो त्याची किंमत मासा मोजत होता, हे त्या पाण्याबरोबर माझ्या ध्यानात आले.

रात्री डॉक्टरने मासे तळले. रव्यात घोळवून, अगदी गिरगावच्या पद्धतीने. शेठ समोर बसून खाखरा खात होते. चव बरी होती; बांगड्याची सर नाही. पण मी कधी नव्हे तो मासा शेपटीपर्यंत साफ केला. टाकवेना.

खाता खाता मला आमच्या चाळीतली कोळीण आठवली. ती सकाळी पाटी घेऊन यायची. आजी तिला दाराबाहेर बसवायची, विळीवर मासे कापून घ्यायची आणि आठ आण्यांसाठी अर्धा तास हुज्जत घालायची. वर ती गेल्यावर उंबऱ्यावर पाणी शिंपडायची. आमच्या घरात म्हणे मुंगी मारत नसत. खरेच आहे. मारायचे काम दर्यावर तिच्या घरच्यांनी केलेले, कापायचे काम तिने केलेले. आम्ही मासे तेवढे विकत घेत होतो आणि पाप तिच्याच पाटीत ठेवून परत पाठवत होतो. तेही फुकट.

मासे खावेत की नाहीत, याचा निकाल मला त्या दिवशी लागला नाही. शेठ अजून सोडतात, डॉक्टर अजून मारतो, दोघे अजून एकाच होडीत बसतात. मीही मासे खातोच. फक्त "मला जमणार नाही बुवा" हे वाक्य तोंडात आले की तो चुकलेला पहिला टोला आठवतो आणि ते पुरे होत नाही.

मुंबईला परतल्यावर बाजारात गेलो. कोळणीने भाव सांगितला. मी तो दिला. घासाघीस नाही, काही नाही. पाप असे फिटत नसते हे मला कळते. पण हुज्जत घालायला तोंड उघडेना. "मावशी, राहू दे," म्हटले.

मावशीने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि नोट उजेडात धरून दोनदा उलटसुलट करून पाहिली.