अभावाचे प्रमाण

एखादी वस्तू ‘नाही’ हे ज्ञान कशाने होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. जमिनीवर घट नाही हे डोळ्यांनीच कळते असे नैयायिक मानतात, तर कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैत वेदान्ती त्यासाठी ‘अनुपलब्धी’, म्हणजे प्रतीती न होणे, हे स्वतंत्र प्रमाण मानतात. मात्र घट असता तर तो दिसलाच असता, ही ‘योग्यते’ची अट दोन्ही पक्षांना मान्य आहे. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही.

ही अट आज अतिदक्षता विभागातही पाळली जाते. रूने ऑस्लिड आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलेल्या ट्रान्सक्रेनियल डॉपलर तपासणीत कानशिलावर, जिथे कवटीचे हाड पातळ असते तिथे, जेल लावून प्रोब टेकवतात आणि सुमारे २ मेगाहर्ट्झच्या श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरी आत सोडतात; वाहत्या रक्तपेशींवरून परतताना त्यांची वारंवारता बदलते आणि त्यावरून रक्ताचा वेग काढला जातो. मेंदूला सूज येऊन कवटीतील दाब रक्तदाबाच्या बरोबरीला पोहोचला, की पडद्यावरची लहर दर ठोक्याला आधाररेषेच्या वर चढते आणि लगेच तितकीच खाली उतरते, कारण आत ढकललेले रक्त तसेच मागे फिरते, म्हणजे मेंदूतून पुढे जाणारा प्रवाह थांबलेला असतो. परंतु पडद्यावर काहीच उमटले नाही, तर घाई करता येत नाही. काहींचे हाड इतके जाड असते की लहरी आत पोहोचतच नाहीत, म्हणून त्याच जागी पूर्वी प्रवाह नोंदला गेला नसेल, तर ती शांतता प्रवाह थांबल्याचा पुरावा ठरत नाही. तो अंधारातला घट होय.

अवयवदानाच्या संदर्भात भारतात १९९४ च्या कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला असून त्यासाठी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. डॉपलर तपासणी तिथे केवळ पूरक ठरू शकते. न्यायशास्त्रानुसार प्रत्येक अभावाला ‘प्रतियोगी’ असतो, म्हणजे तो कशाचा अभाव हे सांगावे लागते. डॉपलरला कळतो तो रक्तप्रवाहाचा अभाव. माणूस गेला, हे त्यावर आणि इतर तपासण्यांवर उभे केलेले अनुमान आहे. श्वसनयंत्रामुळे छाती वरखाली होत असताना, आप्ताचा उबदार हात हाती धरून बसलेल्या कुटुंबाला हे अनुमान पटत नाही, तेव्हा त्यांचे अज्ञान आड येते असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांना जे उपलब्ध आहे ते सारे अस्तित्वाचीच साक्ष देते. म्हणून त्यांना अनुमानाची प्रत्येक पायरी सावकाश उलगडून दाखवणे, हा निदानाचाच भाग मानला पाहिजे.