हिरवी पाटी

माझा एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. गेल्या उन्हाळ्यात एका डॅनिश सहकाऱ्याबरोबर तो शिडाच्या लहानशा होडीतून डेन्मार्कच्या किनाऱ्याने हिंडला. गणपतीला गावी आला तेव्हा आमच्या ओटीवर बसून त्याने त्या सफरीच्या गोष्टी सांगितल्या. पण समुद्राविषयी तो थोडेच बोलला. बोलला तो संध्याकाळी होडी बांधायला जागा शोधण्याविषयी!

"गुरुजी, दिवसभर वाऱ्याशी झुंजणं सोपं. खरी परीक्षा बंदरात शिरताना."

तिकडली लहान बंदरे म्हणजे जणू पाण्यातले गोठेच. होडीचे नाक धक्क्याला बांधायचे आणि मागचे दोर पाण्यात रोवलेल्या दोन खांबांना. पण दिसली जागा की घुसलो, असे चालत नाही. होडीच्या तळाचा कणा दीड-दोन मीटर पाण्यात उतरलेला असतो. तेवढी खोली हवी. दोन खांबांमधून होडी मावायला हवी. वारा आडवा असला तर शेजारच्या होडीवर आपटण्याची भीती. आणि एवढे करून मनाजोगती रिकामी जागा सापडली, तरी ती कुणाची तरी असतेच. गावातल्या होडीवाल्यांनी त्या जागा वर्षाच्या बोलीने घेतलेल्या असतात.

मग परक्याने जावे कुठे? त्यासाठी प्रत्येक जागेपाशी एक छोटी पाटी असते. लाल असली तर समजावे, मालक परत यायचा आहे. हिरवी असली तर मालक दूर गेला आहे. पाहुण्याने खुशाल होडी बांधावी, बंदराचे भाडे द्यावे आणि रात्र काढावी. कित्येकदा मालक हिरव्या पाटीवर आपल्या परतण्याची तारीखही लिहून जातो.

विद्यार्थी गेला, पण ती पाटी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. लाल पाटीत मला काही गैर दिसत नाही. सांजेला घरी परतणाऱ्याला आपली जागा मोकळी मिळावी, हा काही स्वार्थ नव्हे. हिरवी पाटी लावणाराही जागा दान करून टाकत नाही. तो इतकेच म्हणतो, की मी नसताना माझे रिकामेपण कुणाच्या तरी उपयोगी पडो. मात्र लांबच्या सफरीला निघताना जो पाटी तशीच लाल ठेवून जातो, त्याला काय म्हणावे? त्याने कुणाला हाकलून दिलेले नसते. तरीही त्याच्या रिकाम्या जागेसमोरून थकलेला माणूस मुकाट्याने पुढे जातो.

आमच्या कोकणालाही हे नवे नाही. 2019 साली ऐन दिवाळीत क्यार वादळ उठले, तेव्हा देवगडच्या बंदरात परराज्यांतल्या मच्छीमार नौका आश्रयाला आल्या होत्या. वादळात कुणी कुणाला गाव विचारीत नाही. वादळ नसताना मात्र आपण फार विचारतो.

मीही विचारले होते. काही वर्षांपूर्वी खाडीपलीकडचा एक मुलगा शालान्त परीक्षेपुरते आठ दिवस राहू द्याल का, म्हणून माझ्याकडे आला. माझा मुलगा शिकायला पुण्याला होता. त्याची खोली वर्षातून दहा-बारा दिवस उघडत असे. तरीही मी म्हणालो, "खोली मोकळी नाही रे." मुलगा सुट्टीवर येणार होता, हे खरे, पण पुढच्या महिन्यात. तो पोर रोज पहाटेच्या होडीने येत राहिला. गणिताच्या पेपराला वीस मिनिटे उशिरा पोहोचला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. पुढे तो पास झाला आणि वाटेत भेटला की आजही वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार घेताना मला त्याचे ओले पाय दिसतात.

पाटी फिरवायला मी विसरलो होतो, असे म्हणून सुटता आले असते. पण मी विसरलो नव्हतो. माझे ते माझे, एवढेच मला त्या वेळी पुरेसे वाटले होते.

यंदा दिवाळीची झाडलोट करताना ती खोली उघडली. हिने विचारले, "आता कशाला? तो तर पाडव्याला यायचाय."

"पाडव्याला तो येईल," मी म्हणालो. "त्यानंतरचे सांगतो आहे. शाळेत कुणाला सोय हवी असेल, तर उद्या विचारून येतो."