एका चेंडूचे दोन धनी

इंग्लंडच्या केंट परगण्यात, डील आणि सँडविच या दोन गावांलगतच्या समुद्रकाठच्या वाळवटीत, दर वर्षी एप्रिलच्या सुमारास हॅलफोर्ड ह्युइट चषकासाठी गोल्फचे सामने भरतात. १९२४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत आज ६४ शाळांचे माजी विद्यार्थी उतरतात. प्रत्येक शाळेचे दहा जण, म्हणजे पाच जोड्या. आणि ज्यांनी एके काळी एकाच वर्गात छड्या खाल्ल्या असे पोक्त, टक्कल पडलेले गृहस्थ इंग्लिश खाडीवरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात, कवडीचीही बिदागी न घेता, आपल्या शाळेच्या अब्रूसाठी दिवसभर पायपीट करतात. यात हौसेचा भाग किती आणि हट्टाचा किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मला कुतूहल आहे ते या सामन्यांच्या रीतीचे. जोडीतील दोघांना मिळून चेंडू एकच. एक टोला पहिल्याने मारायचा, पुढचा दुसऱ्याने, आणि दंडाचा टोला पदरी पडला तरी हा क्रम मोडायचा नाही. पहिल्याने मारलेला चेंडू वाऱ्यावर भरकटून एखाद्या खोल वाळूच्या खड्ड्यात, त्याच्या उभ्या भिंतीला चिकटून जाऊन बसला, की त्या खड्ड्यात उतरण्याची पाळी दुसऱ्याची. तो उतरतो, बूट वाळूत रोवतो, मान वर करून पाहतो तर निशाण सोडाच, हिरवळीची कडही दृष्टीस पडत नाही. आणि ज्याच्या हातून हे घडले तो खिशात हात घालून काठावर उभा असतो.

आपल्या दार्शनिकांनी कर्मसिद्धान्ताची उभारणी करताना ज्या दोन दोषांची सदैव धास्ती बाळगली, त्यांपैकी ‘अकृताभ्यागम’ म्हणजे जे केले नाही त्याचे फळ पदरी येणे हा दोष या खड्ड्यात अगदी मूर्तिमंत उभा आहे. कर्ता एक आणि भोक्ता दुसरा अशी व्यवस्था विश्वात असेल तर ते विश्व अन्यायाचे, असे आपण मानतो. मग चारचौघे समंजस पुरुष तीच व्यवस्था स्वखुशीने स्वीकारतात आणि तिला करमणूक म्हणतात, याची उपपत्ती कशी लावावी?

इथे वाल्या कोळ्याची कथा सहजच आठवते. त्याच्या बायकामुलांनी पापाचा वाटा नाकारला म्हणून कीर्तनकारांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्वार्थी ठरवले. परंतु मला त्यांची बाजू न्यायाची वाटते. वाटसरूंना लुटण्याचा बेत ठरला तेव्हा त्यांचा सल्ला कोणी घेतला होता? ज्या कर्माच्या संकल्पात आपण नव्हतो, त्याच्या फळात आपल्याला ओढणे ही निव्वळ जबरदस्ती होय, मग ती ओढणारा घरचा कर्ता का असेना.

याच्या उलट दाखला मीमांसकांच्या सत्रात सापडतो. सत्र हा असा याग की ज्यात ऋत्विज हेच यजमान असतात, किमान सतरा आणि फार तर चोवीस. इथे कोणी कोणाला कामावर ठेवलेले नसल्यामुळे दक्षिणाही नाही. आणि विशेष म्हणजे फळाची वाटणी होत नाही, प्रत्येकाला ते संपूर्ण मिळते. सर्वांचा संकल्प एकत्र झाला, म्हणून मंत्र कोणी म्हटला आणि आहुती कोणी टाकली हा भेद फळाच्या बाबतीत गौण ठरतो. बिनदक्षिणेच्या या गोल्फपटूंनी मीमांसा वाचली असण्याचा संभव कमीच. पण पहिला टोला मारण्यापूर्वी जोडीत नाव घालताना त्यांनी जे कबूल केलेले असते, ते याहून वेगळे नाही. अशा जोडीत सोबत्याची क्षमा मागू नये, असा एक जुना संकेत गोल्फमध्ये सांगितला जातो, आणि तो शिष्टाचारापेक्षा खोल आहे: क्षमा मागण्यास दोन खाती लागतात, इथे खाते एकच. काठावरच्या त्या गृहस्थाला ओशाळे वाटत नसेल असे मात्र मी म्हणणार नाही. फळ सामाईक झाले तरी लाज ज्याची त्यालाच भोगावी लागते.

आता दुसरा दोष, ‘कृतनाश’, म्हणजे केलेले वाया जाणे. पाचांपैकी तीन जोड्या जिंकल्या की सामन्याचा निकाल लागतो, आणि मैदानावर अद्याप झुंजत असलेल्या जोड्यांना परत बोलावून त्यांचा डाव बरोबरीचा धरला जातो. पंधराव्या होलपर्यंत रक्ताचे पाणी करून जी जोडी दोन होलांनी पुढे गेली, तिला आपला चेंडू उचलून चालू लागावे लागते. शाळा जिंकली, तेव्हा फळ त्यांनाही संपूर्णच मिळाले, असे सत्राच्या न्यायाने म्हणता येईल आणि ते खोटेही नाही. परंतु त्या दोन होलांच्या आघाडीचे पुढे काय होते, याचा खुलासा मला मीमांसकांकडेही मिळालेला नाही.