थांबण्याची किंमत

माझ्या बहिणीचा बारा वर्षांचा मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे राहावयास आला होता. दुपारी ओसरीवर बसून तो मोबाईलवर एक गाव वसवीत असे. तटबंदी, धान्याची कोठारे, टेहळणीचे बुरूज असा सारा पसारा होता. खेळ अर्थातच विनामूल्य. एके दिवशी माझ्यापाशी येऊन तो म्हणाला, "मामा, ८९ रुपये देशील का?" कशासाठी, असे विचारता उत्तर आले, "बुरूज बांधून व्हायला अजून अकरा तास लागणार आहेत. पैसे भरले की लगेच होतो."

पैसे मी दिले नाहीत, पण ते अकरा तास माझ्या डोक्यातून जाईनात. खऱ्या बुरुजाला गवंडी लागतो, चुना लागतो, पाऊस आड येतो, म्हणून वेळ लागतो. पडद्यावरच्या बुरुजाला वेळ का लागावा? तो विलंब कोणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवलेला होता, आणि मुलाला विकावयाचे होते ते त्या विलंबातून सुटणेच.

ही युक्ती एका खेळापुरती नाही. २०१२ साली आलेल्या कँडी क्रश सागा या खेळाने ती घराघरांत पोहोचवली. खेळाडूला पाच 'जीव' मिळतात, ते संपले की एक जीव परत मिळण्यास तीस मिनिटे थांबावे लागते. थांबावयाचे नसेल तर पैसे मोजता येतात. विरार लोकलमध्ये हा खेळ खेळणाऱ्या कितीतरी सुशिक्षित माणसांच्या मागे मी उभा राहिलो आहे. त्यांतल्या बहुतेकांनी कधी एक रुपयाही दिला नसेल.

या व्यवसायाच्या बाजूने बोलणारे नेमके इथेच बोट ठेवतात, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. ते म्हणतात, बहुसंख्य लोक फुकट खेळतात. ज्यांना परवडते ते पैसे देतात आणि त्यांच्या पैशावर खेळ चालतो. पूर्वी हजार-दोन हजारांचा खेळ घेणे ज्या घरांना जमत नसे, त्या घरांतला मुलगा आज श्रीमंताच्या मुलाबरोबर त्याच मैदानात उतरतो. यात काही एक समता आहे, हे मला मान्य करावे लागते. मात्र खूप पैसे देणाऱ्या या खेळाडूंना त्या व्यवसायाने काय नाव ठेवले आहे ते पाहावे. त्यांना 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा. हा शब्द जुगाराच्या अड्ड्यांवरून आलेला आहे. ज्याच्या औदार्यावर आपण जगतो त्याला दाता म्हणण्याची आपली रीत आहे. माशाचे नाव द्यावयाचे ते जाळे टाकणाऱ्याने.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार करताना एक बारीक भेद केला आहे. वस्तू हातची गेल्याने विक्रेत्याचे नुकसान होत असेल, तर ते नुकसान त्याने किमतीत धरावे. परंतु त्याचे काहीच जात नसेल आणि केवळ घेणाऱ्याला तिची फार गरज आहे म्हणून तो भाव वाढवू लागला, तर ते अन्यायाचे आहे. कारण घेणाऱ्याची गरज ही विक्रेत्याची मालमत्ता नव्हे आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. (याच ग्रंथात त्यांनी मनाच्या विसाव्यासाठी खेळ आवश्यक मानला आहे, हेही सांगावयास हवे, नाहीतर खेळालाच नाक मुरडणारे त्यांना आपल्या पंक्तीत बसवतील.)

आता हा भेद बुरुजाला लावून पाहावा. बुरूज क्षणात उभा केल्याने विक्रेत्याचे काय जाते? काहीच नाही. आणि गरज? ती तर त्याने स्वतःच निर्माण केली. अक्वायनस यांच्या डोळ्यांसमोरील व्यापाऱ्याला गिऱ्हाईक निदान आधीच गरजवंत असे भेटत होते. इथे पाहुण्याला आग्रहाने, फुकट, खारी मासळी वाढावयाची आणि तो पाण्याकडे पाहू लागला की तांब्याचे दर सांगावयाचे, असा प्रकार आहे.

यापुढची पायरी म्हणजे किंमत झाकणे. जत्रेत रिंग फेकणारा मुलगा हरतो, पण पाच रिंगांना किती रुपये पडले हे त्याला ठाऊक असते. २०२० साली आलेल्या गेनशिन इम्पॅक्ट या खेळात रुपयांचे आधी एक चलन होते, त्याचे दुसरे, दुसऱ्यापासून सोडतीची संधी मिळते, आणि सर्वांत दुर्मीळ पात्र एका सोडतीत हाती लागण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के असते. मोठ्या माणसालाही कागद-पेन्सिल घ्यावी लागेल असा हा हिशेब बारा वर्षांच्या मुलाने करावयाचा! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी केलेली कारवाई जानेवारी २०२५ मध्ये दोन कोटी डॉलरच्या समझोत्याने मिटली, आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून अशा सोडती विकण्यास मनाई झाली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट या खेळाच्या कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर देण्याचे मान्य केले होते. तेथील आक्षेप असा होता की बटणांची रचनाच गोंधळात टाकणारी असल्याने, वस्तू नुसती पाहू जाता चुकीचे बटण दाबले तरी पैसे वळते होत. बेल्जियमने तर २०१८ सालीच काही खेळांतील अशा बंद पेट्यांना जुगार ठरवले.

आपल्याकडे २०२५ साली ऑनलाइन खेळांचा कायदा झाला. त्याचा रोख पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्यावर आहे. आमच्या ओसरीवरच्या खेळात पैसे परत मिळण्याची आशाच नाही. त्यामुळे तो, एका अर्थी, निर्दोष!

राहता राहिला पालकांचा प्रश्न. मोबाईल हाती कोणी दिला, असे लोक विचारतात, आणि ते रास्त आहे. त्या दुपारी मला वाचावयाचे होते, घरात शांतता हवी होती, आणि ती मला भाच्याच्या त्या फुकटच्या खेळाने मिळवून दिली होती. खेळ खरोखर फुकट असता तर मी त्याची चौकशीही केली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाच्या आधीच मोबाईल घेऊन बसला. बुरूज बांधून पूर्ण झाला होता. त्याने मोठ्या आनंदाने मला तो दाखवला आणि लगेच पुढच्या बुरुजावर बोट ठेवले. त्याखाली चौदा तास असे लिहिले होते.

"मामा," त्याने विचारले, "हे चौदा तास कोण ठरवतं?"